तापाचा पहिला दिवस

फेब्रुवारीच्या दुसऱ्या तारखेला मेणबत्त्यांचा सण आणि तिसऱ्या तारखेला संत ब्लेझ यांचा स्मरणदिन, असे हे दोन दिवस पाठोपाठ येतात. दोन आशीर्वादित मेणबत्त्या फुलीसारख्या धरून त्या भाविकांच्या गळ्याशी लावायच्या आणि कंठाच्या व इतर सर्व व्याधींपासून देवाने रक्षण करावे अशी प्रार्थना करायची, ही या दुसऱ्या दिवसाची जुनी प्रथा. संत ब्लेझ हे आर्मेनियातील सेबास्टे नगरीचे बिशप. परंपरा त्यांना वैद्य मानते आणि घशात माशाचा काटा अडकलेल्या एका मुलाला त्यांनी वाचविले असे सांगते. आम्हा वसईकरांना माशाच्या काट्याची महती कोणी समजावून द्यावी लागत नाही; त्यामुळे हा दिवस आठवड्यात कधीही येवो, चर्चमध्ये गर्दी मात्र रविवारची असते.

२०१८ साली हा दिवस शनिवारी आला होता. रांगेत आमच्या वाडीवरची एक तरुण आई दीड वर्षाच्या मुलाला कडेवर घेऊन उभी होती. मूल आदल्या दिवशी मेणबत्तीच्या ज्योतीकडे पाहून टाळ्या पिटत होते. त्या दिवशी मात्र त्याचा चेहरा लाल झाला होता आणि ते अखंड रडत होते. आईने सांगितले, "फादर, काल रात्रीपासून ताप आहे." आम्ही मेणबत्त्या त्याच्या गळ्याशी नेल्या तशी ते किंचाळले. मेणबत्त्या बाजूला करून आम्ही मानेवरून हात फिरविला, तेव्हा उजव्या बाजूला लहान आवळ्याएवढी गाठ बोटांना लागली. "घसा धरला आहे, डॉक्टरांना दाखव," एवढे म्हणून आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो. मागे दीडशे माणसे उभी होती.

पुढच्या आठवड्यात जे घडले ते आम्ही तारखेनिशी सांगणार आहोत, कारण या गोष्टीत तारखांनाच महत्त्व आहे.

रविवारी, चार तारखेला, एका डॉक्टरांनी मुलाला तपासून घशाचा संसर्ग असल्याचे सांगितले आणि प्रतिजैविक औषध सुरू केले. मंगळवारी अंगावर लाल पुरळ उठले. हे औषधाचे रिॲक्शन असावे असे समजून औषध बदलण्यात आले. मानेची गाठ तोवर पुष्कळशी बसली होती, म्हणजे निदान त्या बाबतीत औषध लागू पडले असे सर्वांनी मानले. ताप मात्र उतरेना. औषध दिले की दोन तास कमी, पुन्हा एकशेतीन. गुरुवारी, आठ तारखेला, कुटुंबाने डॉक्टर बदलला. नव्या डॉक्टरांनी मावळत चाललेले पुरळ आणि लाल डोळे पाहून गोवराची शक्यता सांगितली आणि आपल्या कागदावर 'ताप' या शब्दापुढे त्या दिवसाची तारीख घातली.

त्याच संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. मुलाचे वडील जहाजावर नोकरीला. घरी आई, आजी आणि ते मूल. सोनचाफ्याची फुले तशीच टोपलीत पडून होती. तीन दिवस दादरच्या बाजाराला कोणी गेले नव्हते. आजी आम्हाला पाहताच म्हणाली, "फादर, हा गोवर नाही. गोवरात डोळे गळतात, नाक वाहते, मूल खोकते. माझ्या पाच पोरांना गोवर आला होता. याचे डोळे लाल आहेत, पण कोरडे आहेत." आणि मग तिने मुलाच्या डाव्या दंडावरची बाही वर केली. जन्मानंतर टोचलेल्या क्षयाच्या लसीचा, म्हणजे बीसीजीचा, व्रण लालबुंद होऊन वर आला होता. "दीड वर्षाने हा कसा पुन्हा जागा झाला?" तिने विचारले.

वाचकहो, यावर आम्ही काय बोललो ते लिहिताना आजही लाज वाटते. आम्ही म्हणालो, "आजी, डॉक्टर शिकलेले असतात. दोन-चार दिवस धीर धरा, प्रार्थना करा, विषाणूचा ताप असाच जातो." मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, आशीर्वादित पाणी शिंपडले आणि चहा घेऊन परतलो. सात वर्षे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलेल्या माणसाने पाच मुले वाढविलेल्या बाईला उपदेश केला, आणि तिने तो मुकाट्याने ऐकून घेतला, कारण तो फादरांनी केला होता.

शनिवारी पहाटे पाच वाजता आमच्या दारावरची घंटा वाजली. मुलाचे ओठ फुटून रक्त येत होते, हातापायांवर सूज होती आणि तळवे लाल झाले होते. ते आईच्याही कडेवर राहीना. आम्ही गाडी काढली आणि मुंबईच्या एका रुग्णालयात त्यांना घेऊन गेलो.

तेथे तपासणारी डॉक्टर तिशीची असेल. तिने जीभ पाहिली. ती स्ट्रॉबेरीच्या फळासारखी लाल आणि दाणेदार दिसत होती. डोळे पाहिले, हात पाहिले, दंडावरचा व्रण पाहून ती थोडी थांबली. मग आमच्या हातातला कागद वाचून तिने विचारले, "ताप दोनच दिवस आहे?" आई गोंधळली. रात्रीच्या जागरणाने तिचे वार एकमेकांत मिसळले होते. "पाच-सहा दिवस असेल," ती म्हणाली. तेव्हा आम्ही सांगितले, "नाही. ताप दोन तारखेच्या रात्री आला. मेणबत्त्यांचा सण होता. तीन तारखेला याच्या मानेला आमचा हात लागला तेव्हा उजवीकडे गाठ होती." डॉक्टरने लेखणी खाली ठेवून आमच्याकडे पाहिले. "नक्की, फादर?" आम्ही म्हणालो, "या दोन दिवसांबद्दल आमची चूक होणार नाही."

मग तिने आईला एकेक गोष्ट विचारून लिहून घेतली. पुरळ कधी उठले, कसे होते, कधी गेले? डोळ्यांतून चिपडे येत होते का? ओठ कधीपासून फुटले? शेवटी ती म्हणाली, "हा कावासाकी आजार असावा. आज नववा दिवस आहे. फार उशीर झालेला नाही, पण लवकरही आलेला नाहीत."

हा शब्द आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकला. मोटारसायकलीच्या कंपनीचेच नाव आम्हाला ठाऊक होते. नंतर आम्ही याविषयी पुष्कळ वाचले, डॉक्टरांना विचारले आणि त्यांनी कंटाळा न करता समजावून दिले.

तोमिसाकू कावासाकी हे टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ. १९६१ च्या जानेवारीत त्यांच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा आला. तापाचे दिवस लांबलेले, डोळे लाल पण कोरडे, ओठ फुटलेले, अंगावर पुरळ, मानेत गाठ, हातापायांना सूज. ओळखीच्या कोणत्याही आजारात हे सारे एकत्र बसेना. मूल बरे होऊन घरी गेले आणि त्याच्या कागदावर कावासाकींनी निदान झाले नसल्याचे प्रामाणिकपणे लिहिले. पुढच्या वर्षी तसेच दुसरे मूल आले, तेव्हा त्यांनी आधीचे मूल आठवले. तेथून त्यांनी अशी मुले मोजायला सुरुवात केली आणि १९६७ साली पन्नास मुलांची माहिती जपानी भाषेत प्रसिद्ध केली. हा काही वेगळा आजार नाही, जुन्याच आजाराचे हे रूप आहे, असे म्हणणारे सहकारी बरेच होते. खुद्द कावासाकींनाही प्रारंभी हा आपोआप बरा होणारा, निरुपद्रवी आजार वाटला होता. मग बऱ्या झालेल्या मुलांपैकी काही अचानक दगावल्याचे आढळले. शवविच्छेदनात त्यांच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या जागोजागी फुगलेल्या आणि गुठळ्यांनी बंद झालेल्या दिसल्या. १९७० साली जपानभर पाहणी सुरू झाली, १९७४ साली इंग्रजीत लेख आला आणि जगाला हा आजार कळला. हवाई बेटांवरील डॉक्टरांनीही त्याच सुमारास, कावासाकींच्या कामाची माहिती नसताना, अशी मुले ओळखली होती. कावासाकी २०२० च्या जून महिन्यात, पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले.

म्हणजे ताप, पुरळ हे सारे वरवरचे. खरा आजार रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा दाह हा आहे. शरीराची संरक्षक शक्तीच कशाने तरी भडकून आपल्याच वाहिन्यांवर उठते. तिला नेमके कोण भडकविते याचा शोध साठ वर्षांनंतरही चालू आहे. आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली असतात, मुलींपेक्षा मुलगे काहीसे अधिक. वेळेवर उपचार न मिळाल्यास सुमारे चौघांत एका मुलाच्या हृदयरोहिण्यांवर परिणाम राहतो. दहा दिवसांच्या आत योग्य औषध मिळाले तर हे प्रमाण शंभरात चार-पाचांपर्यंत खाली येते. डॉक्टरने नववा दिवस का मोजला ते यावरून कळावे.

आता निदानाची गोष्ट. आम्हाला वाटले होते, रक्त काढतील, यंत्रात घालतील आणि कागदावर आजाराचे नाव येईल. तसे काही नाही. या आजाराचे नाव सांगणारी एकही तपासणी अजून निघालेली नाही. पाच दिवसांचा ताप, आणि त्यासोबत पाच खुणांपैकी चार: दोन्ही डोळ्यांना कोरडी लाली, ओठ व जीभ लाल होणे, अंगावर पुरळ, हातापायांची सूज किंवा लाली, मानेत दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ. सारी भिस्त यावर. रक्तातील दाहाचे प्रमाण आणि हृदयाचा इको याला दुजोरा देतात, आणि खुणा अपुऱ्या असल्या तर त्यांच्याच आधारे निर्णय करावा लागतो. विशेषतः सहा महिन्यांच्या आतील तान्ह्यांत बहुतेक खुणा दिसतच नाहीत, नुसता ताप रेंगाळतो, आणि धोका मात्र त्यांनाच अधिक. आजीने दाखविलेला लसीचा व्रण या पाचांच्या यादीत नाही. परंतु आपल्यासारख्या देशात, जेथे जन्मतःच बीसीजी देतात, तेथे जाणता डॉक्टर बाही वर करून तो पाहतोच.

आणि अडचण अशी की, या खुणा एका वेळी हजर राहत नाहीत. गाठ येते आणि बसते, पुरळ उठते आणि मावळते, त्यानंतर हात सुजतात. पहिल्या डॉक्टरला गाठ आणि पुरळ दिसले, दुसऱ्याला पुरळाचा मागमूस आणि डोळे, तिसरीला ओठ, जीभ आणि हात. प्रत्येकाने आपल्यासमोर होते तेवढ्यावरून प्रामाणिकपणे निर्णय केला. प्रत्येकाचा तापाचा पहिला दिवसही वेगळा होता; ज्या दिवशी मूल त्याच्याकडे आले, तो! आम्ही डॉक्टर बदलतो तेव्हा जुने कागद घरी ठेवतो, नव्या डॉक्टरला राग येईल म्हणून आधीच्याचे नाव काढत नाही, आणि मग मुलाचा ताप दर वेळी नव्याने सुरू होतो. सलग पाहणारी दोनच माणसे होती, आई आणि आजी. तिसरे आम्ही, आमच्या बोटांना एक खूण कळली होती आणि आठ दिवस ती आमच्यापाशीच पडून राहिली.

त्या दुपारी इको झाला. हृदयाच्या डाव्या रोहिणीला किंचित फुगवटा दिसला. औषध होते इम्युनोग्लोबुलिन, वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम. मूल दहा किलोचे, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या चार बाटल्या. रक्कम अशी की ऐकून आईने गळ्यातील साखळीला हात घातला. आम्ही तो थांबविला. संत विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आमच्या बंधूंनी तासाभरात पैशांची व्यवस्था केली. हे औषध कारखान्यात रसायनांपासून होत नाही. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातील द्रव एकत्र करून त्यातून ते काढतात. रात्री नऊ वाजता पहिली बाटली चढली. बारा तास थेंब थेंब ते बाळाच्या अंगात जात राहिले आणि आम्ही बाकावर जपमाळ हाती घेऊन बसलो होतो; मणी पुढे सरकत होते, पण मन त्या बाटलीकडे होते. दरवर्षी आमच्या सभागृहात रक्तदान शिबीर होते तेव्हा तरुणांना चार शब्द सांगण्याचे काम आमच्याकडे असते. त्यांत आम्ही काय काय सांगत आलो ते त्या रात्री आठवले आणि फारच पोकळ वाटले.

रविवारी दुपारपर्यंत ताप उतरला. दहा दिवसांत प्रथमच मूल झोपले आणि आईही.

राखेचा बुधवार त्या वर्षी १४ फेब्रुवारीला होता. दोन दिवसांनी आई मुलाला घेऊन आली. त्याच्या बोटांच्या टोकांची कातडी नखांपासून पापुद्र्यासारखी सुटत होती. ती घाबरली होती. हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात व्हायचेच, असे डॉक्टरने आम्हाला आधीच सांगून ठेवले होते. म्हणून या वेळी तरी आमच्या तोंडून योग्य उत्तर निघाले. कित्येक घरांत हे पापुद्रे सुटल्यावरच आजार कळतो, तोवर दहा दिवस केव्हाच उलटलेले असतात.

मुलाला त्यानंतर लहान मात्रेत ॲस्पिरिन चालू राहिले. या काळात फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या माणसाच्या सहवासात मूल आले तर ताबडतोब कळवा, अशी ताकीद मिळाली होती, कारण त्या आजारांत ॲस्पिरिन घातक ठरू शकते. गोवराची दुसरी लसही अकरा महिने पुढे गेली; दुसऱ्यांच्या रक्तातून आलेली संरक्षक द्रव्ये अंगात असेतो ती लस नीट काम करीत नाही. आरोग्यसेविका दोनदा घरी येऊन "लस का चुकविली?" म्हणून आजीला रागावून गेली. आजीने दोन्ही वेळा तिला रुग्णालयाचा कागद दाखविला.

हा आजार कितपत आढळतो, असे आम्हाला पालक विचारतात. जपानमध्ये पाच वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला तीनशेहून अधिक. तेथील आयांना हे नाव आपल्याकडच्या कांजिण्यांसारखे परिचित असते. अमेरिकेत त्याच वयात लाखामागे सुमारे वीस. हा फरक केवळ ओळखीचा नाही, वंशाचाही आहे, कारण हवाईत राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांतही तो शेजाऱ्यांहून पुष्कळ अधिक आढळतो. आपल्याकडे चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने वर्षानुवर्षे नोंद ठेवली. पंधरा वर्षांखालील लाख मुलांमागे १९९४ साली ०.५१ आणि २००७ साली ४.५४. तेरा वर्षांत नऊपट! मुले खरोखरच नऊपट आजारी पडू लागली, की पाहणाऱ्यांचे डोळे सरावले? दुसरे कारण निदान दुर्लक्षिता येत नाही. जेथे कोणी वही उघडून मोजायला बसलेच नाही, तेथे हा आजार 'विरळ' राहतो. २०२० च्या साथीत कोविडनंतर काही मुलांना अशाच खुणांचा दाह झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून कावासाकींचे नाव प्रथमच आमच्या वाड्यांपर्यंत पोहोचले. तो आजार वेगळा होता. पण लाल डोळ्यांचे तापकरी मूल पाहून लोक दिवस मोजू लागले, हे आम्ही पाहिले आहे.

मोजण्यावरून एक जुनी गोष्ट मनात येते आणि जात नाही. पुरोहितदीक्षेनंतर आमची पहिली नेमणूक झाली त्या गावी, एका चार वर्षांच्या मुलाचा दफनविधी आम्हाला करावा लागला होता. ताप बरेच दिवस होता, उतरला, मूल खेळू लागले, आणि आठवड्याभराने अंगणात खेळता खेळताच कोसळले. मृत्युनोंदवहीत कारणाच्या रकान्यात आम्ही आमच्या हाताने 'ताप' असे लिहिले. त्या मुलाला काय झाले होते हे आज कोणी सांगू शकणार नाही, आणि आम्ही तसा आव आणू नये. मात्र तेव्हा त्याच्या आईला आम्ही सांत्वनाचे जे शब्द दिले, त्यांत एकही प्रश्न नव्हता. याईराच्या घरी प्रभू गेले तेव्हा मुलीला खायला द्या असे सांगायला ते विसरले नाहीत. आम्ही मात्र त्या घरी केवळ प्रार्थनाच करून आलो होतो.

असो. वसईच्या त्या मुलाचा दुसरा इको आठ आठवड्यांनी झाला तेव्हा फुगवटा कमी झाला होता. वर्षाने तिसरा झाला, तेव्हा रोहिणी नेहमीच्या मापाची दिसली. आईने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर त्याच्या तापाच्या प्रत्येक दिवसापुढे फुली मारण्याची सवय लावून घेतली आहे. आता धाकट्या मुलीच्या तापालाही त्या फुल्या असतात. वडील जहाजावरून सुटीवर आले की त्या मोजतात.

२०१९ च्या संत ब्लेझ दिनी मूल स्वतःच्या पायांनी रांगेत उभे होते, आजीचे बोट धरून. आम्ही मेणबत्त्या एका हातात घेतल्या आणि दुसऱ्या हाताची बोटे त्याच्या मानेवरून, कानामागून, दोन्ही बाजूंनी सावकाश फिरविली. मुलाला गुदगुल्या झाल्या आणि ते खुदकन हसले. मागे रांग खोळंबली होती.

"फादर, काही लागले का हाताला?" आजीने विचारले.

"काही नाही, आजी," आम्ही म्हणालो, आणि मग मेणबत्त्या त्याच्या गळ्याशी नेल्या.